कर्णिककाकूंचं रोम

कर्णिककाकू पहिल्यांदा आमच्या दारात आल्या त्या पांढरी चादर मागायला. जपानमधल्या हिगाशी-कसाई भागातल्या त्या इमारतीत आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. निम्मी खोकी अजून उघडायची होती, आणि दारात एक पासष्टीच्या बाई उभ्या. चापूनचोपून नेसलेली सुती साडी, खाली पळायचे बूट आणि गळ्यात काळ्या दोरीत अडकवलेली पीटीची शिट्टी.

"मी वरच्या मजल्यावरची. अमोघ कर्णिकची आई," त्या म्हणाल्या. "एखादी पांढरी चादर आहे का गं? डबल बेडची असली तर बरं. सिंगलमध्ये पुरुष माणूस मावत नाही."

"कोण पुरुष माणूस?"

"तुझा नवरा. काल लिफ्टमध्ये बघितला मी. चांगला ताडमाड आहे. रोमन सैनिक म्हणून शोभेल."

निखिल आत खोक्यांशी झटत होता. त्याला कुणी काही विचारलं नाही. पुढच्या रविवारी तो आमचीच चादर अंगाला गुंडाळून वॉर्डाच्या कम्युनिटी हॉलमध्ये कवायत करत होता. अशा कितीतरी घरांतून काकूंनी चादरी गोळा केल्या होत्या. पुढे त्या सगळ्या त्यांनी ज्याच्या त्याच्या दारात परत नेऊन दिल्या, धुऊन आणि इस्त्री करून. ज्या नाटकासाठी त्या नेल्या होत्या, ते झालंच नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण सुरुवातीचा भाग सांगताना मला अजून हसू येतं आणि ऐकणाऱ्याची त्यात फसगत होते.

काकू नाशिकच्या. मुलींच्या शाळेत पीटी शिकवायच्या आणि वर्षानुवर्षं गॅदरिंग बसवायच्या. नवरा गेल्यावर अमोघने त्यांना इकडे आणलं, नात लहान होती तेव्हा. जपानी त्या शिकल्या नाहीत. शिकायची गरजच पडली नाही म्हणायच्या. दुकानात जाऊन स्वच्छ मराठीत "अहो दादा, पिशवी नको हो, आहे माझ्याकडे" म्हणायच्या, आणि समोरचा पोरगा वाकून, पिशवी न देता, सुटे पैसे ट्रेमध्ये ठेवायचा. सगळ्यांना त्या शाळेतल्या मुलींसारखं वागवायच्या. सरळ उभी राहा. खांदे मागे. आणि त्यांचं ठरलेलं वाक्य: "पाय चुकला तर चालेल, चेहरा चुकता कामा नये."

त्यांच्या डोक्यात एक सिनेमा होता. जुना, हॉलिवूडचा, रंगीत, गाण्यांनी आणि नाचांनी ओसंडणारा, प्राचीन रोममध्ये घडणारा विनोदी सिनेमा. त्यांचे वडील देवळालीला लष्कराच्या कॅन्टीनमध्ये हिशेबनीस होते. छावणीतल्या थिएटरात इंग्रजी सिनेमे लागत. काकू अकरावीत असताना वडील त्यांना तो बघायला घेऊन गेले. अर्धे संवाद वडिलांना कळत नव्हते आणि काकूंना काहीच कळत नव्हतं, तरी दोघं पोट धरून हसले. वडील एरवी हसणाऱ्यांतले नव्हते. घरात त्यांच्या चपलांचा आवाज आला की मुलं पुस्तकं उघडायची. "माझे बाबा हसताना कसे दिसतात हे मी त्या दिवशी अंधारात पहिल्यांदा बघितलं," काकूंनी मला एकदा सांगितलं होतं. सिनेमाचं नाव त्यांना उच्चारता यायचं नाही. त्या त्याला नुसतं "आपलं रोम" म्हणायच्या, आम्हीही तसंच म्हणायला लागलो.

गोष्ट साधी. रोमच्या सम्राटाला सतत वाटतं की आपल्याला कुणीतरी विष घालणार. म्हणून त्याच्या ताटातला प्रत्येक पदार्थ आधी एका गुलामाने चाखायचा. पहिल्याच दृश्यात आधीचा चाखणारा सूप चाखतो आणि तोंड वाडग्यात घालून मरतो. मग बाजारातून एका बडबड्या, भित्र्या, खादाड गुलामाला पकडून आणतात. तो आपला नायक. प्रत्येक घासाआधी तो एक गाणं म्हणतो, घास लांबवतो, नाचतो, स्वयंपाकघरातल्या दासींना नाचवतो, सैनिकांना नाचवतो, आणि शेवटी सम्राटालाच असा काही नाचायला लावतो की सम्राट धापा टाकत त्याला मुक्त करून टाकतो. काकूंनी याचं मराठी केलं. सम्राटाचं नाव तिरसटस. गुलामाचं नाव चटोरियस. गाणीही त्यांचीच.

वरण आलं, चाख! भात आला, चाख!
वाचलास तर पुढचं ताट, नाहीतर राख!

शेजारच्या निशी-कसाईच्या मराठी मंडळाचा गणपतीतला कार्यक्रम म्हणजे एरवी लहान मुलांचे नाच, दोन भावगीतं आणि प्रश्नमंजूषा. काकूंनी मंडळाला सांगितलं, "या वर्षी रोम." मंडळ 'बघू' म्हणालं. काकूंनी ते होकार म्हणून घेतलं.

शिरस्त्राणं पुठ्ठ्याची करायची ठरली आणि त्यातून आमच्या इमारतीत थोडा गोंधळ झाला. आमच्याकडे कचऱ्याचे वार पाळावे लागतात. पुठ्ठा एका ठरलेल्या दिवशी सकाळी दोरीने बांधून खाली ठेवायचा. काकू त्या दिवशी पहाटे खाली जाऊन लोकांचे गठ्ठे सोडून हवे ते पुठ्ठे काढून घ्यायच्या. इमारतीची देखभाल करणारे ओनुकी-सान म्हणून एक वयस्क गृहस्थ होते. त्यांनी अमोघकडे अतिशय नम्रपणे तक्रार केली. अमोघने आईला सांगितलं. दुसऱ्या आठवड्यात काकू ओनुकी-सानांच्या खोलीत गेल्या, डोक्यावर लाल झुपकेवालं पुठ्ठ्याचं शिरस्त्राण घालून, आणि तिथे सैनिकासारख्या ताठ उभ्या राहून त्यांनी सलाम ठोकला. त्यानंतर दर आठवड्याला चांगले जाड पुठ्ठे काकूंच्या मजल्याच्या जिन्यापाशी वेगळे बांधून ठेवलेले असायचे.

चटोरियस म्हणजे अमोघ. दुसरं कुणी शक्यच नव्हतं. अंगाने काटकुळा, पण चेहरा रबराचा. एका बँकेच्या कामावर तो प्रोजेक्ट लीड होता. ते काम कित्येक महिने लांबलं होतं. सकाळी निघायचा आणि घरी परतेपर्यंत इरा, त्याची मुलगी, झोपलेली असायची. शनिवारही बहुतेक ऑफिसात जायचा. हॉलमध्ये यायचा तेव्हा फोन खिडकीच्या कट्ट्यावर उताणा ठेवायचा, स्क्रीन दिसेल असा. दुसऱ्यांचे प्रवेश चालू असताना तो कोपऱ्यात चटईवर चादरीसकट आडवा व्हायचा आणि लगेच झोपायचा. त्याचा प्रवेश आला की काकू जायच्या आणि हातातल्या काठीने त्याच्या तळपायावर हलकेच टकटक करायच्या.

"अमोघ, एन्ट्री."

तो उठायचा. डोळे लाल, केस विस्कटलेले. दोन पावलं चालेपर्यंत तो अमोघच असायचा, तिसऱ्या पावलाला चटोरियस व्हायचा. एकदा ऑगस्टमध्ये, हॉलचा एसी बिघडलेला असताना, त्याने विषाच्या लाडवाचं गाणं असं काही केलं की आमचे सैनिक भाले टाकून जमिनीवर लोळले. नसलेला लाडू तो हातात घेऊन त्याच्याशी बोलत होता, त्याची समजूत काढत होता, त्याच्या आईवडिलांची चौकशी करत होता. मृणाल, त्याची बायको, इराला घेऊन दारात उभी होती. ती फारशी यायची नाही, तिलाही नोकरी होती आणि काकूंशी तिचं बेताचंच जमायचं. त्या दिवशी तीही हसत होती. पण हसता हसता तिने घड्याळात बघितलं आणि म्हणाली, "आई, बास करा आता. त्याला झोपू दे जरा."

"झालं, झालं," काकू म्हणाल्या. "फक्त शेवट एकदा. अमोघ, होईल ना रे?"

"होईल की," अमोघ म्हणाला. मृणालकडे बघून त्याने चटोरियससारखे हात जोडले. "बाईसाहेब, सहा दिवस गुलाम तिकडे, एक दिवस गुलाम इकडे. निदान इकडे गाणी आहेत."

गणपती आठवड्याभरावर आले असताना, एका मंगळवारी सकाळी, ऑफिसला जाताना गाडी बदलायच्या स्टेशनवर अमोघ रांगेत उभा होता तो खाली बसला. मागच्या माणसाला वाटलं बुटाची नाडी बांधतोय. स्टेशनच्या माणसांनी धावत यंत्र आणलं, छातीला लावलं, अॅम्ब्युलन्सही लगेच आली. डॉक्टरांनी त्यांना जे करता येईल ते सगळं केलं. एकोणचाळीसचा होता.

मृणाल तिच्या ऑफिसातून थेट हॉस्पिटलमध्ये गेली आणि तिथून तिने मला फोन केला. मी त्या दिवशी घरून काम करत होते. "आईंना तू सांग," ती म्हणाली. "मला नाही जमणार." मी वर गेले. काकू खिडकीत बसून सम्राटाच्या चादरीला जांभळा काठ शिवत होत्या. मी कसं सांगितलं ते मला आठवत नाही. त्यांनी काय केलं तेवढं आठवतं. त्यांनी धागा दाताने तोडला. सुई उशीत खोचली, मग पुन्हा बघितलं, सुई नीट खोचली गेलीय की नाही. "इरा अनवाणी फिरते," म्हणाल्या.

इथल्या दहनाची पद्धत वेगळी आहे. काम झाल्यावर नातेवाइकांना आत बोलावतात. ट्रेवर अस्थी असतात, पांढऱ्या, जवळजवळ पूर्ण. पांढरे हातमोजे घातलेला माणूस चॉपस्टिक्ससारख्या लांब काड्या देतो आणि दोघादोघांनी मिळून एकेक अस्थी उचलून कलशात ठेवायची असते, पायाकडून सुरुवात करून. त्या माणसाने अत्यंत आदराने काकूंच्या हातात काड्या दिल्या. काकूंना काड्या कधी धरता आल्या नव्हत्या. अमोघ त्यांना हॉटेलात नेहमी काटा मागवून द्यायचा. त्यांच्या हातून एक लहान हाड निसटून ट्रेवर पडलं, त्याचा काचेसारखा आवाज झाला. काकूंनी काड्या बाजूला ठेवल्या. पदर खोचला आणि हातांनी अस्थी उचलायला लागल्या. तो माणूस पुढे झाला, मग थांबला, आणि एक पाऊल मागे जाऊन मान खाली घालून उभा राहिला. मृणाल भिंतीपाशी होती. थोड्या वेळाने तीही आली आणि तिनेही काड्या ठेवून दिल्या.

आठव्या की नवव्या दिवशी अमोघच्या ऑफिसातले लोक आले. विभागप्रमुख आणि त्यांच्या मागे दोन तरुण सहकारी, काळ्या सुटात. फुलं, पांढरं पाकीट. फोटोपुढे वाकले, बराच वेळ वाकलेलेच राहिले. मी दुभाषी म्हणून बसले होते. विभागप्रमुख म्हणाले की कर्णिक-सान फार जबाबदार होते, सगळ्यांना हसवायचे, त्यांची जागा भरून निघणार नाही. मी मराठीत सांगितलं. काकू ऐकत होत्या.

"त्यांना विचार," त्या म्हणाल्या, "दुपारी तो कुठे जेवायचा?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पण मी विचारलं. विभागप्रमुखांनी मागे वळून बघितलं. मागे बसलेला तरुण मुलगा हळूच म्हणाला, "जागेवरच. काम करता करता."

"काय जेवायचा?"

"कोपऱ्यावरच्या दुकानातला ओनिगिरी," तो मुलगा म्हणाला. म्हणजे तयार मिळणारा भाताचा गोळा. "बहुतेक वेळा मीच आणून द्यायचो. ते म्हणायचे, घरी आईने केलेलं आहे, ते रात्री जेवेन."

मी ते भाषांतर करून सांगितलं. काकूंनी मान हलवली. दर रात्री त्यांनी झाकून ठेवलेलं ताट बहुतेक वेळा सकाळी तसंच असायचं, हे मला नंतर मृणालकडून कळलं. काकू उठल्या, आत गेल्या आणि बशीत बेसनाचे लाडू घेऊन आल्या. त्या मुलापुढे बशी धरून म्हणाल्या, "खा." तो विभागप्रमुखांकडे बघायला लागला. "त्यांच्याकडे काय बघतोस? खा." मी काही भाषांतर केलं नाही. त्याने लाडू घेतला आणि खाता खाता रडायला लागला. विभागप्रमुखही रडत होते. काकू मात्र तो मुलगा शेवटचा घास गिळेपर्यंत त्याच्या समोर उभ्या होत्या.

नाटक अर्थातच रद्द झालं. मंडळाने गणपती साधेपणाने केला. त्यानंतरच्या आठवड्यात काकूंनी चादरी धुवायला काढल्या. जांभळे काठ उसवले, सेफ्टी पिनांची भोकं दिसू नयेत म्हणून इस्त्री फिरवली, आणि एकेका घरी नेऊन दिल्या. मी बरोबर जायला निघाले तर नको म्हणाल्या. लोक दार उघडून गोंधळायचे. राहू द्या हो काकू, कशाला एवढं, म्हणायचे. काकू प्रत्येक दारात एकच वाक्य बोलल्या: "तुमचे रविवार घेतले, माफ करा." शिरस्त्राणं त्यांनी पुठ्ठ्याच्या वारी बांधून खाली ठेवली. ओनुकी-सानांनी ती त्या दिवशी कचऱ्याच्या गाडीत जाऊ दिली नाहीत. त्यांच्या खोलीत कपाटावर ती किती तरी दिवस मी बघत होते.

'तुमचे रविवार घेतले' हे वाक्य कुठून आलं, ते मला एका रविवारी दुपारी कळलं. मी डबा घेऊन वर गेले होते. दार उघडंच होतं. स्वयंपाकघरात काकू मटार सोलत होत्या आणि मृणाल फ्रिजला टेकून उभी होती. तिचा आवाज चढलेला नव्हता. चढलेला असता तर बरं झालं असतं.

"एकच दिवस होता त्याला," ती म्हणत होती. "आठवड्यात एकच दिवस. मी किती वेळा सांगितलं, त्याला झोपू द्या. तुमच्या त्या रोममुळे गेला तो, आई. मी पहिल्यापासून सांगत होते."

काकूंनी एक शेंग सोलली. दाणे वाडग्यात टाकले, साल बाजूला ठेवली.

"असेल," त्या म्हणाल्या.

मृणालला भांडण हवं होतं. 'असेल'शी कसं भांडणार? ती आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. मी डबा ओट्यावर ठेवला. मग मीही मटार सोलायला बसले.

दुसऱ्या दिवशी मृणाल ऑफिसला आणि इरा शाळेत गेल्यावर काकू खाली आमच्याकडे आल्या. अमोघ गेल्यापासून त्या कुणाकडे बसल्या नव्हत्या. चहा घेतला. मग म्हणाल्या, "कालचं ऐकलंस ना? तिला काही बोलू नकोस. तिला कुणावर तरी चिडायला हवं. कंपनीवर चिडायला गेलं तर कंपनी फुलं पाठवते. मी समोर असते."

"पण काकू, ते खरं नाही," मी म्हटलं.

"तुला काय माहीत?" त्यांनी सरळ विचारलं. "मला सांग, रविवारी तो यायचा तेव्हा कसा दिसायचा?"

खोटं बोलून उपयोग नव्हता. शाळेत आयुष्य काढलेल्या बाई. "दमलेला," मी म्हटलं. "पण जाताना हसत जायचा."

"दोन्ही खरं," त्या म्हणाल्या. "मीही तेच बघत होते. मला वाटायचं, आठवडाभर हा मुलगा हसत नाही, इथे हसतो, म्हणजे हे त्याला औषध आहे. आई आहे ना मी, औषध देणारच. पण तो झोपलेला असायचा गं. इतका गाढ. आणि मी जाऊन त्याला उठवायचे."

त्यांनी उजव्या हाताची बोटं टेबलावर टेकवली, आणि लगेच उचलून मांडीवर घेतली. मी त्यांचा कप पुन्हा भरला. त्या पुढे बोलल्या तेव्हा मला वाटलं विषय बदलला.

"तुझा निखिल सुरुवातीलाच मरायचा ना?"

निखिलला त्यांनी पुढे सैनिकातून बढती देऊन पहिला चाखणारा केलं होतं. सूप चाखायचं, डोळे फिरवायचे आणि धपकन वाडग्यात तोंड घालायचं. मग दोन सैनिक त्याला पाय धरून ओढत नेतात आणि सम्राट म्हणतो, "पुढचा!" काकूंनी त्या मरणावर फार मेहनत घेतली होती. पडताना वाडगा उडून डोक्यावर बसला पाहिजे, मग हशा येतो.

"देवळालीला बाबा सगळ्यात जास्त हसले ते त्याच जागी," काकू म्हणाल्या. "मीही हसले. नंतर घरी व्हिडिओवर कितीदा बघितलं, दर वेळी हसले. इथे बसवताना तर मी त्यात वाडग्याची भर घातली. तिथून पुढे त्या माणसाचं नावसुद्धा कुणी घेत नाही, माहितेय? त्याचं नावच नाहीये सिनेमात. त्याला ओढून नेतात आणि बाजारात दुसरा आणायला जातात, कारण जेवण थंड होतंय." त्यांनी कप बाजूला सरकवला. "मी आख्खा जन्म ते बघितलं आणि मला एकदाही वाटलं नाही की त्याला कुठेतरी आई असेल. गाणं इतकं चांगलं होतं."

खाली रस्त्यावरून बालवाडीची मुलं एकमेकांचे हात धरून चालली होती. काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. पुन्हा त्या सिनेमाबद्दल त्या माझ्याजवळ कधी बोलल्या नाहीत.

काकूंना जावं लागणार होतं. अमोघच्या व्हिसाच्या आधाराने त्या इथे राहत होत्या, आणि तो आधारच गेला होता. मृणालचा व्हिसा आणि नोकरी स्वतंत्र होती. तिने इथेच राहायचं ठरवलं. इराची शाळा इथे, तिच्या मैत्रिणी इथे, तिची भाषासुद्धा इथलीच. आजी मराठीत बोलायची आणि ती जपानीत उत्तर द्यायची, आणि दोघींचं कधी काही अडलं नव्हतं. बाबा गेल्यापासून इरा फार कमी बोलायची. काकूंनी मृणालला एकदा विचारलं, काही मार्ग निघेल का, इराच्या परीक्षेपर्यंत तरी. मृणालने चौकशी केली. मनापासून केली, मी बरोबर होते. मार्ग नव्हता. ते सांगताना मृणाल रडली आणि काकू तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. पण त्या दोघींमध्ये त्या रविवारी जे बोललं गेलं होतं, ते परत घेतलं गेलं नाही. मृणालने घेतलं नाही, आणि काकूंनीही ते मागितलं नाही. अस्थी दोन भागांत वाटल्या. एक लहानसा कलश इथे इरासाठी राहिला, दुसरा गोदावरीत सोडायला काकू नेणार होत्या.

निघायच्या दिवशी सकाळी मी वर होते. काकूंनी इराच्या दोन वेण्या घातल्या, चामड्याचं लाल दप्तर तिच्या खांद्यांवर चढवलं, पट्टे सारखे केले. दारात बूट घालून इरा वळली आणि इथली मुलं रोज म्हणतात तसं म्हणाली, "इत्ते-किमास." जाऊन येते. काकूंनी इतक्या वर्षांत जपानीचा एक शब्द तोंडातून काढला नव्हता. त्या म्हणाल्या, "इत्ते-राश्शाय." जाऊन ये. उच्चार अगदी स्वच्छ होता. इरा थबकली, आजीकडे बघितलं, आणि मग धावत जिना उतरून गेली. काकू दाराला धरून तिची पावलं ऐकत राहिल्या.

मृणालने रजा घेतली होती, पण विमानतळावर येणार नाही असं तिने आदल्या दिवशीच सांगितलं होतं. ती दारापर्यंत आली. वाकून नमस्कार केला. काकूंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "फ्रिजमध्ये भाजी आहे. आजच संपवा." तेवढंच. लिफ्टचं दार बंद झालं.

खाली टॅक्सी उभी होती. ड्रायव्हरने बॅगा मागे ठेवल्या. अस्थींची पिशवी काकूंनी त्याला दिली नाही, छातीशी धरली होती. ऑक्टोबर संपत आला होता, वारा होता, वरच्या मजल्यांवर वाळत घातलेले कपडे फडफडत होते. मी सवयीने मान वर करायला गेले, त्यांची गॅलरी इथून दिसते. काकूंनी माझं मनगट पकडलं. पीटीच्या बाईंची पकड, घट्ट.

"वर बघू नकोस," त्या हळूच म्हणाल्या. "ती गॅलरीत आली असेल. आपण बघितलं तर तिला आत जावं लागेल."

मी नाही बघितलं. त्या टॅक्सीत बसल्या, पिशवी मांडीवर घेतली, पट्टा लावला. ड्रायव्हरने दार लावून घेतलं. गाडी इमारतीला वळसा घालून मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत मला मागच्या काचेतून त्यांचं डोकं दिसत होतं. ते सरळ समोर होतं, आणि पूर्ण वळण संपेपर्यंत त्यांनी मान वळवली नाही.